भरदुपारचं आकाश

माळ्यावरून उतरवताना तो कॉम्प्युटर नवऱ्याच्या हातातून निसटला, शिडीच्या शेवटच्या पायरीला धडकला आणि फरशीवर टेकला. आवाज फार मोठा नव्हता. भरलेली बादली जरा जोरात खाली ठेवावी तेवढाच. पण त्या आवाजासरशी आतल्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, "अरे हळू! डोकी पार्क केलेली नाहीत त्याची!" शिडी धरून उभी असलेली ती जागच्या जागी थबकली. नवऱ्यानं वरूनच तिच्याकडे पाहिलं. कुणाची डोकी, कसली पार्क, त्याला काही कळलं नव्हतं. तिला शब्द कळले होते, पण आवाज ओळखीचा वाटत नव्हता. गेले कित्येक महिने सासूबाईंच्या तोंडून "हो", "नको", "राहू दे" यापलीकडे काही बाहेर पडलं नव्हतं. डोळे गेले तसं बोलणंही आटत गेलं होतं, जणू दोन्हींचं पाणी एकाच विहिरीतून येत होतं. आणि आता हा आवाज. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा, मास्तरणीचा. तिच्या हातातली शिडी किंचित हलली आणि नवरा म्हणाला, "अगं, मला पाडतेस का आता?"

आवराआवर चालली होती ती सासूबाईंच्या त्या खोलीपायीच. दोन महिन्यांनी खोली रिकामी व्हायची होती. शहराबाहेर वृद्धांसाठी एक निवासगृह होतं. नवरा दोनदा जाऊन बघून आला होता. स्वच्छ होतं, भिंतींना सगळीकडे धरायला कठडे होते, दिवसरात्र माणसं होती. नणंदेनं परदेशातून फोनवर "तुम्ही दोघं दिवसभर बाहेर, दुसरं करणार तरी काय" असं म्हणून त्यावर शिक्कामोर्तब केलं होतं. खोटं त्यात काहीच नव्हतं. एकदा गॅस नुसताच चालू राहिला होता. एकदा त्या जिन्यात चुकीच्या मजल्यावर जाऊन दुसऱ्यांच्या दाराला किल्ली लावत बसल्या होत्या. तिला स्वतःला या बेतात हो म्हणावंसं वाटलं नव्हतं आणि नाही म्हणायला जीभ रेटली नव्हती. तिनं फक्त विचारलं होतं, खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे. विचारल्यावर तिचं तिलाच ओशाळल्यासारखं झालं होतं. खिडकी कुठल्याही बाजूला असली तरी सासूबाईंना काय फरक पडणार होता? नजरेच्या मधोमध धुराचा एक गोळा येऊन बसला होता आणि तो पसरत पसरत कडेपर्यंत गेला होता.

ती आत गेली तेव्हा सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, मान दाराकडे वळवून. "आपटला ना?" त्यांनी विचारलं.

"थोडासा. आई, डोकी म्हणजे डिस्कची का?"

"मग काय माझी? माझी केव्हाच पार्क झाली आहेत." एवढं बोलून त्या थांबल्या, आणि तिला हसावं की नाही ते कळेना. "आत तबकडी फिरते ना, तिच्यावर केसाच्या अंतरावर डोकी तरंगत असतात. बंद करताना त्यांना कडेला नेऊन ठेवावं लागतं. शेवटच्या दिवशी वीजच गेली. मग पुन्हा लावायला गेले तेव्हा पडद्यावरची अक्षरंच दिसेनात. मला वाटलं, पडदा बिघडला." त्यांनी हातावर हात ठेवला. "तू ती दवाखान्यातली यंत्रं उघडतेस ना? बघ बरं, चालू होतो का."

दवाखान्यातली यंत्रं ती खरंच उघडत असे. मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात तिचं टेबल होतं; सलाईनचे पंप, हृदयाचे ठोके दाखवणारे पडदे, श्वास देणारी यंत्रं वरच्या मजल्यांवरून आजारी होऊन तिच्याकडे येत आणि बरी होऊन परत जात. दिवसभर कानात टुंग टुंग चालू असे. त्या जगात टुंग म्हणजे काहीतरी चुकलंय: नळी अडकलीय, श्वास थांबलाय, धावा. यंत्रांची तिला सवय होती, पण नवल वाटायचे दिवस केव्हाच मागे पडले होते. तरी तो कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर ठेवून ओल्या फडक्यानं पुसायला लागली आणि पिवळट पडलेल्या पत्र्याखालून मूळचा फिकट रंग वर आला तेव्हा फडकं बाजूला ठेवून ती बघत राहिली. लग्न होऊन या घरात आल्यावरची एक संध्याकाळ तिला आठवली. दिवे न लावलेली ती आतली खोली. सासूबाईंची पाठ, आणि पाठीपलीकडे काळ्या पडद्यावरचा तो केशरी-पिवळा उजेड. त्या काही करत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. हात मांडीवर, मान किंचित कलती, झोपलेल्या मुलाकडे बघावं तशा. ती चहाला बोलवायला आली होती आणि उंबऱ्याशीच थांबली होती. मागून सासरे हळूच म्हणाले होते, "राहू दे. तिचं आकाश चालू आहे." घरात सगळे त्याला आईंचं खूळ म्हणत. मुलींच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईनं स्वतःच प्रोग्राम लिहायला शिकावं, आणि हिशेब नाही, मार्कांचे तक्ते नाहीत, तर आकाश काढावं! शहराच्या दिव्यांत तारे दिसत नाहीत म्हणून. लहानपणी वडिलांशेजारी गच्चीवर झोपून जे पाहिलं ते पुन्हा बघता यावं म्हणून. हे सगळं तिला नंतर तुटक तुटक कळत गेलं होतं, पण त्या संध्याकाळी ती आत गेली नव्हती. पुढेही कधी गेली नाही. सासूसुनेचं भांडण असं नव्हतंच कधी. एकमेकींशी अतिशय चांगलं वागण्यातच इतकी वर्षं निघून गेली होती.

झाकण उघडलं तर आत धुळीची दुलई. ती काढली आणि खाली जे दिसलं ते पाहून तिनं जिभेनं च्च् केलं. बोर्डावर पिंपाच्या आकाराची एक इवली बॅटरी होती, घड्याळ चालू ठेवणारी. ती केव्हातरी फुटून पाझरली होती आणि आजूबाजूच्या तांब्याच्या रेघा हिरव्यागार होऊन खाल्ल्या गेल्या होत्या. शेवाळ चढलेल्या भिंतीसारखा तो कोपरा दिसत होता. नवरा चष्मा कपाळावर सारून आत डोकावला आणि म्हणाला, "हे गेलं. भंगारवाला सुद्धा हात लावायचा नाही."

"गेलेलं नाही," ती म्हणाली. का म्हणाली ते तिला माहीत नव्हतं.

मग रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर ती टेबल सासूबाईंच्या खोलीत ओढून घेऊ लागली. उजेड त्यांना नको होता, तिला हवा होता. त्यामुळे कित्येक महिन्यांनी त्या खोलीत दिवा लागू लागला. तिनं बॅटरी कापून काढली. व्हिनेगरनं तो हिरवेपणा धुतला, स्पिरिटनं पुसला, दातांच्या ब्रशनं चिपांचा एकेक पाय घासला. खाल्ल्या गेलेल्या रेघा भिंगाखाली शोधून त्यांच्यावरून केसासारखी तार टाकली, एका टोकाला वितळलेल्या धातूचा डाग, दुसऱ्या टोकाला डाग. सोल्डरचा धूर वर गेला की सासूबाई नाक फुलवून म्हणायच्या, "झाली का एक?" त्यांना काम दिसत नव्हतं, पण वासावरून त्या मोजत होत्या. पॉवर सप्लाय तिनं सरळ लावून बघितलाच नाही; आतले फुगलेले कपॅसिटर बदलले, मीटर लावून विजेचा दाब मोजला, आणि मगच बोर्डाला जोडला. या सगळ्यात दोघी थोडं थोडं बोलू लागल्या. मोठं काही नव्हे. शाळेत कोण बाई कशी पदर खोचून पळायची, सासरे रागावले की वर्तमानपत्र उलटं कसं धरायचे. एकदा सासूबाई म्हणाल्या, "तू काम करताना श्वास रोखतेस. मला ऐकू येतं. घे की श्वास, तो काही पळून जात नाही." आणि तिच्या लक्षात आलं की खरंच, आयुष्यभर ती श्वास रोखूनच काम करत आली होती. हे आजवर कुणी तिला सांगितलं नव्हतं.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पंखा फिरला आणि मग लांब एक, आखूड काही, असे सूर वाजले. पडदा काळाच. तिचा हात परत बटणाकडे धावला. दवाखान्यातली सवय, सूर वाजला की जीव वर जायचा. सासूबाई मात्र खुर्चीतून पुढे झुकल्या होत्या आणि त्यांचा चेहरा उजळला होता. "बोलतोय!" त्या म्हणाल्या. "अगं, बोलतोय म्हणजे जिवंत आहे. मेलेला बोलत नाही. मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा बसव." तिनं पट्ट्या काढल्या, पाय पुसले, खटकन आवाज येईपर्यंत परत बसवल्या, बटण दाबलं. या वेळी एकच सूर आला, छोटासा, स्वच्छ, कुणी दारावर नख वाजवावं तसा. आणि पडद्याच्या काळोखातून हळूहळू, गरम होत, वर येत, कोपऱ्यात केशरी-पिवळे आकडे उमटले. आकडे वाढत होते. यंत्र आपली मेमरी मोजत होतं. जाग आल्यावर माणूस हातापायाची बोटं हलवून बघतो ना, सगळं जागेवर आहे का, तसं ते एकेक घर चाचपत होतं. तिनं तोंडावर हात ठेवला. तिला यातलं सगळं माहीत होतं, कुठल्या चिपेतून कुठे काय जातं हेसुद्धा. तरी अंगावर काटा आला. इतकी वर्षं अंधारात, धुळीखाली, एक रेघ खाल्ली गेली, दुसरी खाल्ली गेली, आणि वीज पोचल्याबरोबर पहिलं काम काय, तर आपण किती आहोत ते मोजून बघणं. "मोजतोय का?" सासूबाईंनी विचारलं. "मोजतोय, आई." "मोजू दे. घाई नको करूस त्याला."

डिस्क मात्र हलेना. आतून नुसती कण्हल्यासारखी घरघर यायची आणि विरून जायची. तबकडीला चिकटलेली डोकी सुटत नव्हती. तिनं डिस्क बाहेर काढली, तारा लावलेल्याच ठेवल्या. सासूबाईंनी हात पुढे केला. "दे इकडे." त्यांनी ती जड पेटी दोन्ही तळव्यांत धरली, अंगठ्यांनी तिच्या कडा चाचपल्या, मान खाली घातली. "आता लाव," त्या म्हणाल्या. वीज लागली, घरघर सुरू झाली, आणि त्याच क्षणी त्यांनी मनगटाला एक छोटासा, सफाईदार हिसका दिला, बरणीचं झाकण सोडवावं तसा. घरघरीचा सूर बदलला. वर चढला, चढत राहिला, आणि एका उंचीवर जाऊन स्थिर झाला. सासूबाईंनी डिस्क तशीच हातात धरून ठेवली. "फिरतेय," त्या कुजबुजल्या. "हात लाव. बघ." तिनं त्यांच्या हातांवर आपला हात ठेवला. सुरकुतलेल्या कातडीतून एक बारीक थरथर येत होती. इतक्या वर्षांत आपण यांच्या हाताला असा हात कधी लावला होता, हे तिला आठवेना.

कॉम्प्युटर सुरू झाला. त्याचं घड्याळ बॅटरीबरोबरच मेलेलं, त्यामुळे आज काय तारीख आहे याचा त्याला पत्ता नव्हता. असं झालं की ही जुनी यंत्रं आपल्या काळाच्या आरंभाची एक ठरलेली तारीख धरून चालतात. पहिली जानेवारी, मध्यरात्र. मधली वर्षं झालीच नव्हती. सासरे गेले नव्हते, सासूबाईंचे डोळे होते, ती या घरात आलीही नव्हती. "चालव," सासूबाई म्हणाल्या, आणि तिनं प्रोग्राम चालवला. पडद्यावर एक मोठं वर्तुळ आलं, क्षितिजाचं. मग बराच वेळ काहीच नाही. प्रत्येक ताऱ्याचं गणित करायला त्या यंत्राला वेळ लागत होता. एवढ्या वेळात माणूस एक दीर्घ श्वास घेऊन सोडेल. मग एक ठिपका.

"आला," ती म्हणाली.

"कुठे?"

"जवळजवळ मधोमध. थोडा उजवीकडे. चांगला ठळक आहे."

"रोहिणी."

पुन्हा थांबणं. पुन्हा ठिपका. "आता खाली... तीन आहेत, एका रेषेत. जवळजवळ."

"मृग." सासूबाईंचे डोळे मिटलेले होते. "आता त्या तिघांच्या रेषेत आणखी खाली ये. येईल बघ. मोठा येईल."

तो आला. पडद्यावरचा सगळ्यात ठळक ठिपका. ती काही बोलायच्या आधीच सासूबाई "व्याध" म्हणाल्या होत्या. बाहेर संध्याकाळ होती, खालच्या रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजत होते, वरच्या मजल्यावर कुणीतरी फर्निचर सरकवत होतं. आणि या खोलीत एक मध्यरात्र ठिपक्याठिपक्यानं उजळत होती. ती जागा सांगत होती, त्या नावं देत होत्या. ते संपेपर्यंत चहा करायचा राहून गेला. शेवटी पूर्वेच्या बाजूला एक ठिपका उमटला, सासूबाई म्हणाल्या, "मघा. वर आली," आणि खुर्चीला पाठ टेकून बसल्या. हे आकाश यांच्या आत इतके दिवस होतं तर! त्या नुसत्या खुर्चीत बसून राहतात असं सगळे म्हणत होते तेव्हाही.

मग तिला हुरूप आला. डिस्क आता फार दिवस टिकणार नाही हे तिला आवाजावरून कळत होतं, म्हणून तिनं सगळं एका छोट्या कार्डावर उतरवून घेतलं आणि डिस्कच्या जागी ते कार्ड बसवलं. रुग्णालयाच्या भांडारात रक्त तपासण्याचं एक जुनं यंत्र मोडीत निघालं होतं. भांडार सांभाळणाऱ्या काकांनी "ने बाई, ने, माझी तेवढीच जागा मोकळी" असं म्हणून ते तिला उघडू दिलं. त्याच्या पोटात तिला हवी ती चिप मिळाली. गणित करणारी चिप, जी या जुन्या कॉम्प्युटरमध्ये कधी बसवलीच नव्हती. बोर्डावर तिची रिकामी जागा मात्र पहिल्या दिवसापासून होती, पाहुण्यासाठी मांडून ठेवलेल्या खुर्चीसारखी. मेमरीच्या पट्ट्याही तिथल्याच. घड्याळाला नवी बॅटरी. रविवारी सकाळी तिनं चिप दाबून बसवली, झाकण न लावताच बटण दाबलं, आणि म्हणाली, "आई, आता बघा. आता असा पळेल!"

तो पळाला. वर्तुळ आलं आणि पापणी लवते न लवते तोच भरलं. सगळं आकाश एकदम. तिच्या तोंडून हर्षाचा उद्गार निघाला. तिनं वळून पाहिलं.

सासूबाई वाट बघत होत्या. मान कलती, ओठ किंचित उघडे. "सुरू झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं, आई. सुरू होऊन संपलंही."

"संपलं?" त्यांचा हात हवेत जरासा उचलला गेला, काहीतरी धरायला गेल्यासारखा, आणि परत मांडीवर आला. "असं? बरं झालं की. छानच झालं." आणि त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

ते "छानच झालं" तिनं ओळखलं. तो जुना आवाज परतला होता, राहू दे म्हणणारा. तिला एकदम स्वच्छ दिसलं की आपण काय केलं. तारे एकेक करून येत होते म्हणून त्यांना येत होते. त्या थांबण्यात त्यांना आकाश भेटत होतं. वाट बघण्याच्या त्या श्वासाएवढ्या जागेत नाव उच्चारायला वेळ होता. आता ते आकाश डोळस माणसांचं झालं होतं. पडद्यावर लखलखीत, पूर्ण, आणि त्यांच्यापासून तुटलेलं. "काढून टाकते ती चिप," ती घाईघाईनं म्हणाली. "एका मिनिटाचं काम आहे." पण सासूबाईंनी मान हलवली. "नको. यंत्र सुधारलं ते सुधारलं. त्याला परत मंद करायचं? ते वाईट." त्या दिवशी त्या फारसं बोलल्या नाहीत. ती आठवडाभर तळघरात पंप उघडत राहिली आणि तिच्या डोळ्यांपुढे तो हवेत उचललेला हात येत राहिला. घरी नवऱ्यानं निवासगृहातून आलेल्या फोनबद्दल काहीतरी सांगितलं, तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

पुढच्या रविवारी ती चहा घेऊन आत गेली तर सासूबाई टेबलाशी बसलेल्या. खुर्ची त्यांनी स्वतः सरकवली होती. "ये," त्या म्हणाल्या. "कप ठेव तिकडे. प्रोग्राम उघड. चालवू नको, उघड. जिथे ठिपका टाकलाय ती ओळ शोध."

"सापडली."

"तिच्याखाली नवी ओळ घाल. साउंड. पुढे मी सांगते ते लिही." त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर हलत होती. "तारा जितका वर, तितका सूर उंच. क्षितिजावरचा अगदी खर्जात. ठळक असेल तर लांब वाजेल, मंद असेल तर नुसता टिचकीएवढा. आलं लक्षात? आणि ओळीनं पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचं. दोन ताऱ्यांमध्ये जेवढं अंतर, तेवढा वेळ गप्प राहायचं. आता गणिताला वेळच लागत नाही ना, तर तो सगळा वेळ आपला. तो आपण वाटू."

ती लिहीत गेली. कधी त्या चुकल्या, कधी ती. एकदा सगळेच तारे एका सुरात किंचाळले आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "काय, शाळा सुटली का?" असं म्हणत त्यांनी डोळे पुसले. ओळ दुरुस्त झाली. उन्हं चढून खिडकीतून टेबलावर आली, पडद्यावरची अक्षरं त्या उजेडात फिकी दिसू लागली, आणि शेवटी लिहिण्यासारखं काही उरलं नाही.

"कधीचं आकाश लावू, आई? ते आपलं जानेवारीचं, मध्यरात्रीचं?"

"आत्ताचं लाव."

"आत्ता? आई, बारा वाजायला आलेत. दुपार आहे."

"मग? दुपारी तारे काय घरी जेवायला जातात?"

तिनं तारीख आणि वेळ बघितली. घड्याळ आता बरोबर चालत होतं: ऑक्टोबरचा मधला रविवार, मध्यान्ह. तिनं बटण दाबलं.

पहिला सूर खोल आला, जमिनीखालून आल्यासारखा, आणि थांबला. "अभिजित," सासूबाई म्हणाल्या, "ईशान्येला, अगदी खाली. आत्ताच उगवला असेल." शांतता. मग जरा वर, तांबूस म्हणता येईल असा एक घोगरा सूर. "ज्येष्ठा." स्पीकर साधाच होता, पत्र्याच्या पेटीतला, खरखरीत, पण प्रत्येक सुरामागे येणाऱ्या त्या गप्प बसण्याला रुंदी होती. ती शांतता ऐकताना तिला कळलं की ही मोकळी जागा आहे, खरीखुरी, या छताच्या वर आत्ता असलेली. सूर चढू लागले. घराच्या भिंती बाजूला होऊन वर कुठेतरी चढणीची वाट लागावी तसे. आणि एक सूर सगळ्यांच्या वर गेला, लांब, स्थिर, अगदी डोक्यावर. तिची मान आपोआप वर झाली. पांढरं छत. छतावर पंख्याचा गोल.

"स्वाती," सासूबाई म्हणाल्या. "डोक्यावर आहे."

"हा कसला आवाज लावलाय?" दारात नवरा उभा होता. त्याच्या दोन्ही काखांत पुठ्ठ्याची खोकी होती, आईचे कपडे भरायला आणलेली. सासूबाईंनी फक्त एक बोट वर केलं, वर्गात गप्प बसवायला करतात तसं, आणि तो गप्प बसला. पन्नाशीचा माणूस, पण त्या बोटापुढे गप्प बसला. सूर उतरत गेले, पश्चिमेकडे, मघा, मग आणखी खाली, आणि शेवटचा क्षितिजापलीकडे बुडाला. खोलीत पंख्याचा आवाज उरला.

"आई," तो हळूच म्हणाला, "काय होतं हे?"

"वरचं आकाश. आत्ताचं," त्या म्हणाल्या, जसं काही तो बाजारात भाजी कशी मिळाली हे विचारत होता. "ठळक तारे झाले. मंद अजून घालायचे राहिलेत, पुष्कळ आहेत. हिला संध्याकाळीच वेळ असतो. त्यामुळे पुढच्या महिन्यात मला कुठे जायला जमायचं नाही. त्या लोकांना तसं कळव."

ती पडद्याकडे बघत राहिली. नवऱ्याकडे बघायची तिची हिंमत झाली नाही. तिला श्वास रोखल्याचं जाणवलं आणि तिनं तो सोडला. "दिवसा सोबतीला कुणी बाई मिळाली तर बघू," ती म्हणाली. "आठवड्यातून दोन दिवस मी दुपारची पाळी मागून घेईन." नवऱ्यानं खोकी जमिनीवर ठेवली. मग एकेक उचलून, घड्या पाडून, दाबून सपाट केली, आणि पलंगाच्या कडेला टेकवून ठेवली. ते काम त्यानं फार काळजीपूर्वक केलं. नंतर तो खिडकीशी गेला.

"सूर्य दिसतो का रे तुला तिथून?" सासूबाईंनी विचारलं.

"डोळे दिपतायत."

"त्याच्या अगदी शेजारी चित्रा आहे. या दिवसांत त्याच्या कुशीतच असते ती. दिसते?"

त्यानं कपाळावर हात धरून वर पाहिलं. ती पण उठून त्याच्या शेजारी गेली. निळंशार आकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोरं. समोरच्या गच्च्या, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी.

"नाही, आई," तो म्हणाला. "काहीच दिसत नाही."

"तुला गं?"

"मलाही नाही."

"मला पण नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा प्रसन्न झाला. "या बसा दोघं. पुन्हा लाव."

तो पलंगाच्या कडेला बसला, ती खुर्चीच्या हातावर. अभिजित उगवला, ज्येष्ठा वर आली, स्वाती डोक्यावरून गेली, आणि त्यानंतर शांतता पडली. त्या शांततेत ऊन होतं, वरचं सगळं निळं रिकामेपण होतं. तिघंही माना वर करून वाट बघत राहिले. आणि मग, सूर्याच्या जवळून, चित्रा वाजली.